कुठी चालले, साडूभाऊ?

पावसाळ्यात पूर्णेचे मासे कोणीही धरतं. पूर ओसरताना लेकरंसुद्धा लुगड्याच्या तुकड्यानं भगोणंभर झिंगे काढतात, त्याचं कौतुक काय? खरी परीक्षा हिवाळ्यात. पाणी निवळतं, डोह गार पडतात, मासा तळाशी जाऊन मुका होतो आणि चांगले चांगले गळवाले काठावर शेकोटी पेटवून गप्पा मारत बसतात. अशा दिवसांत ज्याच्या घरी मरळ शिजते, तो खरा.

तर तो खरा माणूस म्हणजे हिंमतराव. नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाताना पूर्णेचा पूल लागतो, त्या अंगाला नदीकाठी त्यांचं गाव. साठी उलटली तरी नदीकाठच्या वावरात वांग्याची वाडी स्वतः करायचे, आणि दिवाळी झाली की कपाशीच्या वेचणीतूनही सकाळचा वेळ काढून गळ घेऊन नदीवर जायचे. ऊन कोणत्या काठाला आधी लागतं, खंड्या कोणत्या फांदीवरून हलत नाही, मरळ श्वास घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर कसा बुडबुडा फुटतो, हे सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक आहे हे गावाला ठाऊक होतं. कोणाच्या घरी जावई आला की निरोप यायचा, "हिंमतराव, एखांदी मरळ होईन काय?" या एका वाक्यावर माणसाची छाती वर्षभर फुगलेली राहायची.

त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेली एक रीत होती. मरळीची मुंडी, म्हणजे डोकं, ज्याच्या गळाला मासा लागला त्याच्या ताटात वाढायची. घरात पाहुणा असो नाहीतर सरपंच, मुंडी धरणाऱ्याची. अन्नपूर्णाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून ती मुंडी नवऱ्याच्या ताटात वाढत आल्या होत्या, आणि दुसऱ्या कोणाच्या ताटात ती जाऊ शकते हे हिंमतरावांच्या स्वप्नातही नव्हतं.

मग आले उत्तमराव.

उत्तमराव म्हणजे साडू. अन्नपूर्णाबाईंची धाकटी बहीण रुखमाबाई, तिचा नवरा. वडनेर भोलजीला त्यांचं खताचं दुकान होतं. ते थोरल्याच्या हवाली करून कुठंतरी नदीकाठी शांत राहावं असं त्यांनी बोलून दाखवलं, आणि आमचे हिंमतराव उत्साहानं म्हणाले, "आमच्या गावी या ना!" घर त्यांनीच पाहून दिलं. जमिनीचा तुकडा त्यांनीच सुचवला. वर आणखी, पहिल्या हिवाळ्यात शेजारी बसवून गळ बांधायलाही त्यांनीच शिकवलं. माणूस स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारतो ती एका घावात मारतो. हिंमतरावांनी ती हळूहळू, मायेनं, धार लावून लावून मारली.

तरी पहिली दोन वर्षं बरी गेली. उत्तमरावांना कधी शिंगट्या लागायचा, कधी काहीच नाही. हिंमतराव त्यांची पाठ थोपटायचे, "लागन हळूहळू." असली पाठ थोपटण्यात फार सुख असतं.

यंदा दिवाळीला उत्तमरावांचा धाकटा, प्रेम, पुण्याहून आला. तो तिकडे एका तलावाकाठच्या हॉटेलात पाहुण्यांना होड्या फिरवायला असतो. जीपच्या टपावर दोरांनी बांधून त्यानं एक लांबुडकी पिवळी वस्तू आणली. हॉटेलनं जुनी म्हणून काढून टाकलेली प्लास्टिकची होडी, एका माणसापुरती. गाव गोळा झालं.

"याले कयाक म्हनतेत मावशी," प्रेम अन्नपूर्णाबाईंना म्हणाला.

"काय का?" त्यांनी विचारलं.

हशा झाला, आणि त्या दिवसापासून गावात तिचं नाव 'काय-का' पडलं. हिंमतरावही हसले. मनात म्हणाले, पोरखेळ आहे. मासा काठावरून धरायचा असतो, बूड जमिनीला टेकवून.

आणि नेमकं याच हिवाळ्यात त्यांची एकुलती एक लेक डिंपल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवाळीनंतर मुलगी झाली. बाळंतिणीला मरळीच्या रश्श्यानं ताकद येते, दूध उतरतं, असं अन्नपूर्णाबाईंच्या सासूबाई सांगून गेलेल्या. हिंमतरावांनी बारशाच्या दिवशीच सगळ्यांसमोर जाहीर केलं, "माह्या पोरीले मी हिवाळाभर मरळ खाऊ घालतो." बोलून बसले. आणि त्यानंतर त्यांच्या गळाला मरळ म्हणून लागली नाही.

रोज सकाळी जायचे. नेहमीच्या डोहावर, पुलाखाली, महादेवाच्या घाटाशी. बेडकुळी लावून बघितली, गांडूळ लावून बघितलं. हाताला यायच्या त्या चार बोटभर मळ्या मासोळ्या. आणि एके दिवशी ऊन डोक्यावर आलं असताना उत्तमराव दारात उभे. हातात प्लास्टिकची पन्नी, पन्नीत कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी काळीभोर मरळ.

"डिंपलसाठी आनली," ते म्हणाले.

त्यांचा स्वभाव असा की एवढंच म्हणाले. फुशारकी मारली असती तर हिंमतरावांना निदान नाव ठेवायला जागा मिळाली असती. अन्नपूर्णाबाईंनी रस्सा केला, उत्तमरावांना जेवायला थांबवलं आणि रीतीप्रमाणे मुंडी त्यांच्या ताटात वाढली. हिंमतरावांच्या घरात. हिंमतरावांच्या पाटाला पाट लावून. हिंमतराव खाली मान घालून भाकरी चुरत राहिले. डिंपल बोटं चाटत उत्तमरावांना म्हणाली, "मोसाजी, काय चव हाय हो!" आणि तो रस्सा बापाच्या घशाखाली उतरेना.

पुढे ते आठवड्याला एकदा व्हायला लागलं, मग दोनदा. पिवळी होडी सकाळी घाटावरून सुटायची, वळणाआड दिसेनाशी व्हायची आणि उन्हं चढल्यावर मरळ घेऊन यायची. आता जावई आला की लोकांचे निरोप उत्तमरावांकडे जायला लागले. हिंमतरावांना दिवसभर छातीत निखारा ठेवल्यासारखं वाटायचं. साडू माणूस वाईट नाही, हे त्यांना कळत होतं, आणि तो वाईट नाही याचाच त्यांना जास्त राग येत होता. वाडीत वांगी तोडताना किडकं वांगं हाती लागलं की ते अशा जोरानं कड्यावरून खाली नदीत फेकायचे की जणू तिथं उत्तमराव बसलेत.

तिकडे अन्नपूर्णाबाईंची निराळीच कटकट. "विहिरीवरची टाकी भरून पानी चाललं वाया! लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते, अन् पानी पाइपानं नदीत. कॉक बंद करा म्हटलं तर आयकत नाई मानूस."

"करतो," हिंमतराव म्हणायचे. त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

शेवटी त्यांनी एक हलकट गोष्ट केली. आपल्याकडे घराबाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' असं विचारत नाहीत. कुठे विचारलं की काम फिसकटतं. शहाणं माणूस फार तर "लांब का?" म्हणून विषय सोडतं. गळवाले तर याबाबतीत फार कडक. नदीवर निघताना कोणी कुठे विचारलं, तर काही जण घरी येऊन पाणी पिऊन पुन्हा निघतात. हे सगळं जाणणारे हिंमतराव रोज सकाळी ओट्यावर येऊन बसायला लागले, आणि उत्तमराव होडी डोक्यावर घेऊन समोरून निघाले की मोठ्यानं विचारायचे, "कुठी चालले, साडूभाऊ?"

उत्तमराव थांबायचे. होडीखालून त्यांचं तोंड दिसायचं, हसरं.

"तुमच्याच वावरात जाऊन राह्यलो," ते म्हणायचे आणि पुढे जायचे.

तुमच्याच वावरात! हिंमतरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर तोंड करून थट्टा करतो! आणि जागा तर कोणताच गळवाला खरी सांगत नाही, हा धर्मच आहे. खुद्द हिंमतरावांनी आयुष्यभर तो पाळला. गावातला गळवाला रंगराव विचारायचा तेव्हा त्याला पुलाकडे धाडलं आणि स्वतः घाटावर बसले. भाऊराव विचारायचा तेव्हा त्याला घाटावर धाडलं. जागा खरी सांगायची ती लेकराला, बाईमाणसाला, आणि ज्याच्यापासून काही धोका नाही अशा माणसाला. त्यामुळे उत्तमरावांनी 'तुमच्या वावरात' म्हटल्याबरोबर हिंमतरावांनी आपलं वावर तेवढं सोडून बाकी सगळी नदी शोधायला घेतली.

वरच्या अंगाला गेले. खालच्या अंगाला गेले. हरभऱ्याच्या रानातून वाकून वाकून काठ तुडवला. होडी वळणाआड गेली की पुढे दिसायची नाही, कारण या काठाला नदीनं माती खाऊन उंच दरड केलेली. वर उभं राहिलं तर पायाखालचं पाणी दिसत नाही. डिंपल एकदा म्हणाली, "बाबा, तुमी थकून जाता, राहू द्या. मोसाजी आनतेत ना." लेकीनं काळजीनं म्हटलं. पण हिंमतराव त्या दिवशी जेवले नाहीत.

संक्रांत झाली आणि डिंपलच्या सासरहून निरोप आला, रविवारी न्यायला येतो. आता मात्र हिंमतरावांचा धीर सुटला. पोरगी पंगतीत सासूला सांगणार, मोसाजींनी हिवाळाभर मरळ खाऊ घातली. बापानं काय घातलं? बापानं वांगी घातली.

शुक्रवारी त्यांनी मोटारसायकल काढली, पूल ओलांडला आणि पलीकडच्या काठाला गेले. त्या काठाला कोणी फिरकत नाही, तिथं गुडघाभर गाळ. चप्पल हातात घेऊन, पाय उपसत उपसत ते वळणापर्यंत आले आणि समोर बघतात तर काय.

समोर उंच दरड. दरडीच्या पोटाला हिवाळ्याचं तिरपं ऊन सकाळपासून थेट लागलेलं. दरडीतून लोंबणाऱ्या बाभळीच्या मुळांखाली ती पिवळी होडी, आणि होडीत उत्तमराव. त्यांच्या बाजूला वरून एका पाइपातून पाणी पडतंय. विहिरीचं कोमट पाणी. नदीच्या गार पाण्यावर पडून त्याची बारीक वाफ उठतेय. आणि भोवती पाण्यावर सडकी वांगी तरंगताहेत, त्यांना बारके मासे टोचताहेत, आणि त्या बारक्या माशांसाठी खालून मरळ येते, गुळुप करून श्वास घेते आणि बुडते.

पाइप हिंमतरावांचा होता. बाभूळ हिंमतरावांची होती. वांगी तर त्यांनी एकेक करून स्वतःच्या हातानं, उत्तमरावांच्या नावानं फेकलेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण हिंमतराव दुसऱ्यांना नेहमी ऐकवायचे.

"अहो!" ते गाळात उभं राहून ओरडले. "थे माहं वावर हाय!"

उत्तमरावांनी दचकून बघितलं. मग गळ न हलवता, मासा बुजू नये अशा आवाजात म्हणाले, "म्या तं रोज सांगतो तुमाले."

परत येताना हिंमतरावांना गाळाचं भान नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा, हे पहिल्यांदा मनात आलं, आणि त्याचा राग पुलापर्यंत पुरला. पण पुलावर गाडी थांबवून ते खाली वाकून पाण्याकडे बघत राहिले, तेव्हा दुसरीच गोष्ट उमगली. उत्तमराव रोज खरं सांगत होते. पहिल्या दिवसापासून. जागा खरी सांगायची ती लेकराला, बाईमाणसाला, आणि ज्याच्यापासून काही धोका नाही त्याला. म्हणजे साडूच्या लेखी हिंमतराव आता गळवालेच नव्हते. रंगरावला तरी त्यांनी खोटं सांगण्याइतका मान दिला होता. हे जिव्हारी लागलं. मुंडीपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी ते विहिरीवर गेले. कॉकवर हात ठेवला. एक पिळा दिला की पाणी बंद. उद्यापासून वाफ नाही, ऊब नाही, मासा नाही. बसा म्हणावं काय-का घेऊन. लांबून अन्नपूर्णाबाई आनंदानं ओरडल्या, "आता सुचलं वाटते!" हिंमतरावांचा हात तसाच राहिला. मासा गेला तर त्यांच्यासाठीही गेला, आणि रविवार परवावर आलेला. पोरीला एकदा तरी बापाच्या गळाची मरळ खाऊन जाऊ दे. हात काढून ते निघून आले. अन्नपूर्णाबाईंनी कपाळाला हात लावला.

शनिवारी सकाळी ओट्यावरून त्यांनी 'कुठी' विचारलं नाही. उत्तमरावांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "होडी पाह्यजे होती."

हे तीन शब्द बोलताना त्यांना जे झालं ते त्यांचं त्यांनाच माहीत. उत्तमरावांनी स्वतः होडी उचलून घाटावर आणली, आणि एका हातानं धरून ठेवली. हिंमतरावांनी एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि काय-का त्यांना घेऊन सरळ उलटी झाली. घाटावर धुणं धुणाऱ्या जनकाबाई आणि तानाबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. गार पाण्यातून दात वाजवत हिंमतराव उठले आणि पुन्हा बसले. या वेळी बसून राहिले.

"मधात बसा, अन् हलू नोका," उत्तमराव म्हणाले. शिकवायला लागले होते.

पण बाभळीखाली पोचल्यावर शिकवायला कोणी नव्हतं. ऊन पाठीवर आलं. हिंमतरावांनी बेडकुळी लावली, मुळांच्या सावलीच्या कडेला अलगद सोडली आणि जगाला विसरले. बुडबुडा फुटला. गळाचा तंगूस ताठ झाला. होडी गर्रकन फिरली, आणि म्हाताऱ्यानं ती मरळ अशी काढली की हिवाळाभराचा जळफळाट दोन्ही मनगटांतून उतरून गेला. उत्तमरावांनी आणलेल्या कोणत्याही मरळीपेक्षा ती मोठी होती. परत वळताना मुळांपाशी आणखी दोन वर येऊन गेलेल्या त्यांनी बघितल्या. घाटावर उतरल्याबरोबर त्यांनी उत्तमरावांना सांगून टाकलं, "अजून दोन हायत तिथी!"

अंगावरचे कपडे ओले, थंडीनं ओठ निळे. "तुमी अंग शेका, मी मासा नेऊन देतो," असं म्हणून उत्तमरावांनी मरळ आपल्या पन्नीत घातली आणि पुढे गेले. हिंमतराव घाटावरच्या शेकोटीपाशी बसले. चूक झाली ती इथं.

मासा कोणी धरला हे साडूनं घरी सांगितलं असेलच, असं हिंमतराव धरून चालले होते. रात्री पंगत बसली. डिंपल हौसेनं म्हणाली, आज मी वाढते. रस्सा वाढला, आणि ती भलीमोठी मुंडी पळीत घेऊन सरळ मोसाजींच्या ताटात ठेवली.

उत्तमरावांनी मुंडी उचलली आणि साडूच्या ताटात ठेवली.

"काऊन त्यायले देता?" डिंपल म्हणाली. "तुमचा मान हाय."

"मासा तुह्या बापानं धरला, पोरी."

डिंपल खळखळून हसली. "काईबी सांगता मोसाजी! म्या पाह्यलं ना, तुमच्याच पन्नीत आला तो. बाबाले बरं वाटावं म्हनून बोलून राह्यले." आणि मग बापाकडे वळून मायेनं म्हणाली, "खा बाबा. मोसाजी इतके प्रेमानं देऊन राह्यले तं."

हिंमतराव ताटातल्या मुंडीकडे बघत राहिले. स्वतःच्या वावराखालची, स्वतःच्या गळाची, स्वतःच्या हक्काची मुंडी, आणि ती अशी भीक घातल्यासारखी ताटात आलेली. खरं आहे म्हणून सांगावं तर गळवाल्याचं कोण खरं मानतं? आयुष्यभर त्यांनीच हा धर्म वाढवला होता. त्यांनी मुंडी खाल्ली. शेवटपर्यंत, डोळ्यांसकट. चव चांगली होती, याचंही त्यांना वाईट वाटलं.

रविवारी सकाळी दारात जीप लागली. डिंपल बाळाला घेऊन ओट्यावर उभी, सामान चढतंय, अन्नपूर्णाबाई डोळे पुसताहेत. तेवढ्यात डोक्यावर पिवळी होडी घेऊन उत्तमराव समोरून आले. त्यांनी बाळाच्या हातात शकुनाची नोट दिली, डिंपलच्या डोक्यावर हात ठेवला आणि घाटाकडे निघाले.

हिंमतरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कुठी चालले, साडूभाऊ?"

उत्तमराव थांबले. होडीखालून त्यांनी हिंमतरावांकडे बघितलं. या वेळी हसले नाहीत. नीट विचार केला.

"पुलाकडे जाऊन राह्यलो," ते म्हणाले. "तुमच्या वावराखाली आता काई राह्यलं नाई. तिकडे जाऊ नोका, फुकट चक्कर होईन." आणि भराभर पावलं टाकत गेले.

हिंमतराव बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, खांद्यांपर्यंत आलं, आणि ते ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायला लागले.

"बाबा, काऊन हसता?" डिंपल घाबरून म्हणाली. "काय झालं?"

"मोसाजी खोटं बोलला, पोरी," हिंमतराव म्हणाले. "माह्याशी खोटं बोलला." आणि त्यांनी अन्नपूर्णाबाईंकडे वळून गळाची काठी मागितली.